शिसवी पेटी

राज्यांची नावं बदलली, नद्यांनी आपली पात्रं बदलली, त्याच्याही कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. मुलांनो, तुम्ही ऐका. आणि मुलांच्या मागे भिंतीला टेकून बसलेल्या मोठ्यांनो, तुम्हीही ऐका, कारण ही खरं तर तुमच्याच वयाच्या माणसाची गोष्ट आहे.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला सरदारांची गढी होती आणि खालच्या अंगाला, ओढ्याकाठी, एका सुताराचं घर होतं.

हा सुतार नांगर आणि खाटा करणारा नव्हता. ती कामं गावात दुसरे करत. हा पेट्या करी. पेटी झाली की तिच्या लाकडात तो बारीक खाचा कोरी आणि त्या खाचांत शिंपल्याचे, हाडाचे, पितळेच्या तारेचे तुकडे बसवून वेली, पानं, पाखरं उमटवी. हे जडवकाम तो असं करी की डोळे मिटून वरून बोट फिरवलं, तर लाकूड कुठे संपलं आणि शिंपला कुठे सुरू झाला ते समजू नये. लांबलांबून लोक त्याच्याकडे येत आणि वाट पाहायला तयार असत.

माणूस मनानं चांगला होता. कुणाला फसवणं त्याला ठाऊक नव्हतं. पण इतक्या वर्षांत आपल्या कामात कुणाला खोट काढता आलेली नाही, हे त्याच्या मनात पक्कं बसलं होतं. आधी त्याला त्याचा आनंद वाटे. पुढे पुढे त्या आनंदात भीती शिरली. एखाद्या दिवशी कुणीतरी पेटी उजेडात धरेल, डोळे बारीक करेल आणि म्हणेल, इथे जरा राहिलं. ते ऐकायची वेळ येऊ नये म्हणून तो प्रत्येक काम पुन्हा पुन्हा तपाशी, आणि तपासून झालं की पुन्हा हातात घेई.

भातं पिवळी पडायला लागली होती, अशा एका सकाळी गढीवरून मेणा उतरला आणि सुताराच्या दारात थांबला. मेण्यात सरदारांच्या पत्नी होत्या. सारा गाव त्यांना बाईसाहेब म्हणे. त्यांच्याबरोबर त्यांची म्हातारी दाई चालत आली होती. तिनं बाईसाहेबांना लहानाचं मोठं केलं होतं आणि लग्नानंतर ती त्यांच्या पाठोपाठ सासरी आली होती.

दाईनं दंडाला धरून त्यांना खाली उतरवलं. सुताराच्या बायकोनं लगबगीनं ओटीवर घोंगडी अंथरली. बाईसाहेब बसल्या. पाण्याचा तांब्या उचलताना त्यांच्या हातातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकल्या. इतके हात वाळले होते. त्या पाणी प्यायल्या, थोडा दम घेतला आणि म्हणाल्या, ‘‘दादा, मला एक पेटी हवी आहे. माझ्या लेकीसाठी.’’

सुतारानं विचारलं, पेटी दागिन्यांची का? त्यांनी नाही अशी मान हलवली. दागिने सांभाळायला गढीत पुष्कळ माणसं आहेत, म्हणाल्या. त्यांना ठेवायच्या होत्या त्या वेगळ्याच वस्तू. लेकीचं पहिलं टोपडं, आपल्या आईचा कुंकवाचा करंडा, माहेरच्या परसातल्या गोकर्णीच्या बिया, एका जुन्या लुगड्याचा काठ, अशी काहीबाही गाठोडी त्यांनी बांधून ठेवली होती.

‘‘वैद्य आता मला काही सांगत नाहीत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘नाडी बघतात आणि बाहेर जाऊन ह्यांच्याशी बोलतात. मला समजायचं ते समजलं. लेक लहान आहे, दादा. नुसतं सांगितलेलं तिच्या ध्यानात राहायचं नाही. म्हणून एकेक वस्तू तिच्या हातात देईन, त्या वस्तूची गोष्ट सांगेन, आणि तिच्याच हातानं ती पेटीत ठेववेन. पुढे वस्तू पाहिली की तिला गोष्ट आठवेल. गोष्ट आठवली की मी आठवेन.’’

सुताराची बायको पदरानं डोळे पुसायला आत गेली. सुतार खाली मान घालून बसला.

बाईसाहेबांचं मागणं साधं होतं. झाकण घट्ट बसावं आणि वाळवी लागू नये, एवढंच. वर वाटलंच तर एखादं अनंताचं फूल घालावं, कारण त्यांच्या माहेरी विहिरीशेजारी अनंताचं झाड होतं. उठताना त्या पुन्हा म्हणाल्या, पेटी साधी असली तरी चालेल, पण लवकर हवी. आंब्याला मोहोर येईपर्यंत पेटी तुमच्या मांडीवर असेल, असा शब्द सुतारानं दिला. तो शब्द त्यानं अगदी मनापासून दिला होता.

त्याच दिवशी तो माळ्यावर चढला. तिथे त्याच्या वडिलांनी राखून ठेवलेली शिसवाची एक फळी होती. वर्षानुवर्षं सावलीत वाळून ती दगडासारखी झाली होती. एवढी वर्षं त्यानं ती कुणासाठी काढली नव्हती. आज काढली.

पेटी फार भराभर उभी राहिली. त्यानं रंध्यानं फळी गुळगुळीत केली, कोपऱ्यांना दात कापून ते एकमेकांत अडकवले, सरस लावून जोड पक्के केले, पितळी बिजागऱ्या ठोकल्या. खळ्यावर अजून भाताची झोडणी चालू होती, आणि इकडे पेटी तयारही झाली होती. झाकण लावताना आतली हवा हळूच बाहेर येई, इतकं ते नेमकं बसत होतं. त्याच्या बायकोनं झाकण दोनदा उघडून लावून पाहिलं आणि म्हणाली, आता तेवढं फूल घाला आणि देऊन या.

सुतारानं झाकणाच्या मधोमध सुईनं एक फूल आखलं. मग तो मागे सरकून पाहत राहिला. काळ्याभोर शिसवावर ते एकटंच फूल त्याला पोरकं वाटलं. एवढ्या मोठ्या मनाची बाई, आणि तिच्या हातात एका फुलाची पेटी द्यायची? त्यानं फुलाला फांदी दिली. फांदीला कळ्या आल्या, पानं आली. झाकण भरलं, तेव्हा चारी बाजू उघड्या वाटायला लागल्या. मग त्या बाजूंवरही वेल उतरली.

पाकळ्यांसाठी शिंपला हवा होता. घरातला शिंपला जरासा पिवळट होता. अनंताचं फूल कसं दुधासारखं पांढरं असतं. समुद्रकाठाहून मीठ घेऊन येणाऱ्या तांड्याकडे चांगला शिंपला मिळे, म्हणून तो तांड्याची वाट पाहत बसला. तांडा यायला उशीर झाला. शिंपला आल्यावर त्यानं बारीक करवतीनं एकेक पाकळी कापली, कानशीनं तिच्या कडा घासल्या, आणि तेवढ्याच आकाराची खाच पटाशीनं लाकडात कोरली. पाकळी खाचेत बसे, पण त्याच्या मनाला बसत नसे. मग ती काढून दुसरी.

थंडी पडू लागली, तेव्हा दाई पहिल्यांदा विचारायला आली. सुतारानं तिला पेटी दाखवली. म्हातारीनं तिच्यावरून हात फिरवला आणि तिचा चेहरा उजळला. झालीच की, ती म्हणाली. सुतारानं तिला समजावलं की अजून दोन बाजू राहिल्या आहेत, नंतर घासकाम आहे, तेलमेण आहे. दाईला त्यातलं फारसं कळलं नाही. बाईसाहेब रोज विचारतात, एवढंच ती म्हणाली. येत्या बाजाराला नक्की देतो, असं सुतारानं सांगितलं. तो बाजार झाला. त्याच्या पुढचाही झाला.

शेवटी जडवकाम पुरं झालं. सुतारानं खरवतीच्या झाडाच्या खरखरीत पानांनी पेटी घासली, मग तिच्यावर जवसाचं तेल चढवलं, आणि तेल मुरल्यावर मेण लावून फडक्यानं चोळली. शिसवाचा काळा रंग आतून जागा झाला. त्यावर शिंपल्याची पांढरी फुलं अशी दिसायला लागली, की ओढ्यावर धुणं धुवायला आलेल्या बायका ओल्या हातांनीच येऊन पाहून गेल्या. बायकोनं पेटी गुंडाळायला स्वच्छ वस्त्र काढून ठेवलं.

आणि सकाळच्या तिरप्या उन्हात सुताराला ती रेघ दिसली.

झाकणावरच्या मधल्या फुलाच्या एका पाकळीशेजारी, शिंपला आणि लाकूड यांच्या मध्ये, केसाएवढी फट राहिली होती. पेटी सरळ धरली तर ती दिसत नसे. जरा कलती धरून, उजेडाकडे पाठ करून पाहिलं, तरच दिसे. त्यानं बायकोला दाखवली. तिनं पुष्कळ वेळ पाहिलं आणि आपल्याला काही दिसत नाही असं सांगितलं. पण त्याला आता त्या रेघेशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं.

त्यानं पटाशीचं टोक घालून पाकळी उचकटली. ती निघताना शेजारच्या पाकळीचा कोपरा उडाला. मग तीही काढावी लागली. खाच आता थोडी मोठी झाली होती, म्हणून पाकळ्या नव्यानं कापायला हव्या होत्या. आणि चांगला शिंपला तर संपत आला होता.

तो उरलेल्या तुकड्यांतून पाकळी जुळवत बसला होता, तेव्हा दाई पुन्हा आली. गावातल्या आंब्यांवर मोहोर आला होता. या वेळी ती ओटीवर बसली नाही. दारातच उभी राहिली. तिला धाप लागली होती.

‘‘दादा, पेटी द्या,’’ ती म्हणाली. ‘‘ती आता उठून बसत नाही. आवाज पण बसत चाललाय. आहे तशी द्या.’’

सुतारानं पेटी पुढे केली आणि झाकणावरच्या फुलातला तो खड्डा तिला दाखवला. अशी पेटी बाईसाहेबांच्या हातात कशी देऊ, असं त्यानं विचारलं. उद्या संध्याकाळपर्यंत पाकळ्या बसवतो आणि मी स्वतः गढीवर घेऊन येतो, असं तो म्हणाला.

दाईनं त्या खड्ड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘‘तिला खड्डा दिसायचा नाही,’’ ती म्हणाली. ‘‘तिला पेटी दिसेल.’’

सुतारानं पेटी परत मांडीवर घेतली. दाई थोडा वेळ थांबली आणि मग चढण चढून निघून गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर त्याची बायको बाहेर आली. आयुष्यात तिनं त्याच्या कामात कधी हात घातला नव्हता. आज ती त्याच्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, ‘‘अहो, मला द्या ती. मी नेऊन देते. परत आणून मागाहून काय ते बसवा.’’

सुतारानं पेटीवर हात ठेवला. ‘‘माझ्या हातून अपुरं काम आजवर बाहेर गेलेलं नाही,’’ तो म्हणाला.

वस्त्राची घडी घालून तिनं ते परत कोनाड्यात ठेवलं.

इकडे दाई रिकाम्या हातांनी गढीच्या दाराशी पोचली. तिथे एक बुरूडीण सुपं आणि टोपल्या घेऊन बसली होती. तिच्या पुढ्यात बांबूची एक लहानशी टोपली होती. विणून झाली होती, पण तिचा काठ अजून बांधायचा होता. बांबूच्या कामट्यांची टोकं वर तशीच उभी होती. दाईनं ती उचलली. काठ बांधून उद्या आणून देते, नाहीतर पोरीच्या हाताला टोचेल, असं बुरूडीण म्हणाली. दाई म्हणाली की उद्याचं उद्या बघू, आणि टोपली घेऊन आत गेली.

बाईसाहेबांनी टोपली पाहिली. पेटीचं काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही. लोडाला टेकवून बसवा, अशी त्यांनी खूण केली आणि लेकीला जवळ घेतलं. मुलगी तेव्हा एवढीशी होती, तिचे दुधाचे दात नुकतेच पडायला लागले होते. तिनं टोपली मांडीवर घेतली.

मग आईनं गाठोडं सोडलं. आधी टोपडं काढलं. ते तिनं स्वतः शिवलं होतं आणि एक कान मोठा, एक लहान झाला होता. बारशाला सगळ्या बायका हसल्या होत्या. मग करंडा काढला. त्याला एक पोचा होता. आजीच्या हातून तो जात्यावर पडला होता, कारण त्याच क्षणी कुणीतरी येऊन सांगितलं होतं की तुझी लेक सुखरूप बाळंत झाली, नात आली. मग लुगड्याचा काठ, मग गोकर्णीच्या बिया. प्रत्येक वस्तू मुलीच्या हातात जाई, गोष्ट सांगून होई, आणि मुलगी ती टोपलीत ठेवी. आईचा आवाज प्रत्येक वस्तूबरोबर खाली खाली जात होता. मुलगी ऐकायला पुढे पुढे वाकत होती.

गाठोड्याच्या शेवटच्या कोपऱ्यात एक पितळी घुंगरू होतं. एकच. आईनं ते तळहातावर घेतलं, तिच्या तोंडावर हसू आलं. तिनं ते लेकीच्या हातात दिलं आणि ती सांगायला लागली. ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. दाईनं चमच्यानं पाणी घातलं. आईनं पुन्हा सुरुवात केली. आवाज आला नाही. मुलगी आईच्या तोंडाजवळ कान नेऊन बसून राहिली. मग आईचे डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी उजाडताना ती गेली.

त्या सकाळी सुतार पेटीपाशी बसला होता. नव्या पाकळ्या नेमक्या जमल्या होत्या. पहिली बसली होती. दुसरीला सरस लावून त्यानं नुकतीच ती खाचेत टाकली होती आणि अंगठ्यानं दाबून धरली होती. सरस वाळेपर्यंत अंगठा काढायचा नसतो. काढला तर पाकळी वर येते. अशात बायको दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली की बाईसाहेब गेल्या.

सुतार तसाच बसून राहिला. गढीवरून माणसं खाली उतरल्याचे आवाज आले. मसणवट ओढ्याच्या पलीकडे होती, म्हणून सगळे त्याच्या दारावरूनच गेले. त्यानं पावलं ऐकली. लहान मुलीचा रडण्याचा आवाज ऐकला. त्याचा अंगठा पाकळीवर होता. सरस अजून ओला होता. आवाज पाण्यापलीकडे जाऊन विरला, तरी त्याचा अंगठा तिथून निघाला नाही.

पाकळी अशी बसली की तिच्यात खोट शोधून सापडली नसती.

दिवसकार्य आटोपल्यावर सुतार पेटी घेऊन गढीवर गेला. सरदार सदरेवर एकटेच बसले होते. त्यांनी पेटी घेतली, उजेडात नेली, फुलांवरून बोट फिरवलं. ते आपल्याला बोलतील, हाकलून देतील, अशा तयारीनं सुतार आला होता. सरदार रागावले नाहीत.

‘‘असं काम मी पाहिलेलं नाही,’’ ते म्हणाले. थोड्या वेळानं ते पुन्हा बोलले, ‘‘ती मला रोज विचारायची. मी सांगायचो, चांगल्या कामाला वेळ लागतो. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.’’

सुताराला वाटलं, यापेक्षा त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

एवढ्यात मुलगी आली. काखेत ती टोपली होती. कामट्यांच्या टोकांवर दाईनं चिंधी गुंडाळून दिली होती, तरी मुलीच्या मनगटावर ओरखडे दिसत होते. वडिलांनी पेटी तिच्यापुढे ठेवली आणि ही तुझी, तुझ्या आईनं करायला सांगितलेली, असं म्हणाले. मुलीनं झाकण उघडलं. आत वाकून पाहिलं. छान आहे, म्हणाली.

सुतार तिच्यासमोर खाली बसला. टोपलीतल्या वस्तू आता पेटीत ठेव, टोपली मोडून जाईल, असं त्यानं हळूच सांगितलं. मुलीनं टोपली मांडीवर घेतली आणि एकेक वस्तू काढून ती सुताराला दाखवायला लागली. टोपड्याची गोष्ट सांगितली. पोचा आलेल्या करंड्याची सांगितली. लुगड्याची आणि बियांची सांगितली. आईनं सांगितली होती तशीच, मध्येमध्ये दम घेत. सांगून झालं की वस्तू परत टोपलीतच ठेवी. पेटीकडे तिनं पुन्हा पाहिलं नाही. आईच्या समोर ज्या टोपलीत ठेवल्या होत्या, तिथेच त्या राहायच्या, यात तिला काही शंका नव्हती.

शेवटी तिनं घुंगरू काढलं आणि सुताराच्या तळहातावर ठेवलं.

‘‘मामा,’’ ती म्हणाली, कारण आई त्याला दादा म्हणत असे, ‘‘ह्याची गोष्ट तुम्हाला माहीत आहे?’’

सुतारानं नाही अशी मान हलवली.

‘‘दाईला पण नाही माहीत. बाबांना पण नाही. मी सगळ्यांना विचारलं.’’ तिनं घुंगरू परत घेतलं. ‘‘आईला माहीत होती. ती सांगत होती, पण ऐकू आलं नाही.’’

सुतार उठला. सरदारांना त्यानं हात जोडले. तो चढण उतरला. भातं झोडली जात होती त्या दिवसांत ही पेटी तयार होती. त्या दिवसांत बाईसाहेबांचा आवाज खणखणीत होता. त्यांनी प्रत्येक वस्तूची गोष्ट सावकाश सांगितली असती, लेकीनं पुन्हा विचारली असती, पुन्हा सांगितली असती. रस्ताभर त्याच्या डोक्यात एवढंच होतं.

कितीतरी दिवस त्यानं हत्याराला हात लावला नाही. ओट्यावर बसून राही. बायको जेवायला वाढे, तो चार घास खाऊन उठे. एके दिवशी मात्र तिनं माळ्याला शिडी लावली, वर चढली आणि एकेक वस्तू खाली द्यायला लागली.

माळ्यावर त्याची राहिलेली कामं होती. कुणाचा पाळणा, कुणाची हातातली काठी, कुणाचा चौरंग. सगळी होत आलेली. एकेका वस्तूत त्याला काहीतरी कमी दिसलं होतं आणि पुन्हा हातात घेऊ म्हणून त्यानं ती वर ठेवून दिली होती. माणसं हेलपाटे घालून थकली होती आणि मग यायची बंद झाली होती. धूळ झटकून बायकोनं सगळं ओटीवर मांडलं. सुतारानं पाहिलं. त्यात काय कमी होतं, ते त्याचं त्यालाच आता सापडेना.

त्यानं ते ओझं उचललं आणि तो घरोघर निघाला. ज्या घरचा पाळणा होता, तिथलं मूल आता गुरांमागे रानात जात होतं. त्याच्या आईनं पाळणा ठेवून घेतला, पण कुठे ठेवावा ते तिला समजेना. ज्या म्हाताऱ्याची काठी होती, तो म्हातारा राहिला नव्हता. त्याच्या मुलानं काठी हातात घेतली, मुठीवरचा पितळेचा मोर पाहिला आणि शेवटी शेवटी बाबांना भिंत धरून चालावं लागायचं, एवढंच सांगितलं. सुतारानं प्रत्येक दारात उशीर झाल्याचं कबूल केलं आणि माफी मागितली. कुणी दिली. कुणी दार लावून घेतलं. दोन्ही त्यानं खाली मान घालून सोसलं.

त्यानंतर त्यानं पुष्कळ वर्षं काम केलं. हात तोच होता, डोळाही तोच. पण पेटी करायला सांगणाऱ्याला तो आधी एकच विचारी, तुम्हाला ही केव्हा लागणार आहे? आणि त्या दिवसाच्या आत ती त्याच्या घरी पोचवी. कधी एखादं पान राहून जाई, कधी कडेचं मेण नीट चोळलेलं नसे. पेटी सोपवताना त्याचा हात अजूनही क्षणभर तिच्यावर रेंगाळे. मग तो हात काढून घेई. लोक त्या पेट्यांत लग्नाचे शालू ठेवत, बाळाचे वाळे ठेवत, देवाचे टाक ठेवत. कोपरे झिजत, बिजागऱ्या सैल होत, आणि पेट्या भरत जात.

गढीवरची शिसवी पेटी मात्र जशी होती तशीच राहिली. दूरदूरचे पाहुणे ती पाहायला येत. ती उजेडात धरत, फिरवून फिरवून पाहत आणि त्यांना तिच्यात एकही खोट सापडत नसे. मग कुणीतरी झाकण उघडी. आत काही नसे. पाहुणे झाकण लावून ती परत फळीवर ठेवत.

तात्पर्य : कुणीतरी ज्याची वाट पाहत आहे, असं काम वेळेत त्याच्या हाती दिलं नाही, तर त्यातली सगळी कुसर वाया जाते.